संत्रं की बेदाणे? पाणी वजा करून पाहिलेला हिशेब

बेळगावच्या रविवार पेठेत बेदाण्याचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं असतं आणि बाहेर हातगाडीवर मोसंबीचा ढीग रचलेला असतो. आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला जाताना यांतलं काहीतरी पिशवीत पडतंच. मग घरात प्रश्न निघतो, ताकद नेमकी कशात? मोबाइलवर शोधलं की १०० ग्रॅममागचा तक्ता मिळतो. त्यात बेदाणे जवळजवळ प्रत्येक रकान्यात पुढे: पोटॅशियम संत्र्याच्या चौपट, लोह अठरापट, तंतू दीडपटीच्या वर. तक्ता खोटा नाही. फक्त त्यात एका बाजूला पाण्याने भरलेलं फळ आहे आणि दुसऱ्या बाजूला पाणी काढून टाकलेलं.

१०० ग्रॅम सोललेल्या संत्र्यात सुमारे ८७ ग्रॅम पाणी असतं, १०० ग्रॅम बेदाण्यात जेमतेम १५. म्हणजे तुलना १३ ग्रॅम ऐवजाची ८५ ग्रॅम ऐवजाशी चालली आहे. ती नीट कशी करायची आणि त्यातून रोजच्या ताटात काय बदलायचं, ते पुढे देत आहोत.

आधी शब्द ठरवू

आपल्याकडे 'सुकामेवा' म्हटलं की बेदाणे, मनुका, खारीक, खजूर, अंजीर, जर्दाळू आणि काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते सगळं एकाच डब्यात येतं. हिशेबासाठी डबे दोन करा. पहिल्या डब्यातली सुकवलेली फळं आहेत, त्यांत मुख्यतः साखर आणि तंतू. दुसऱ्यातल्या बिया आहेत, त्यांत स्निग्धांश आणि प्रथिनं: १०० ग्रॅम बदामात सुमारे ५० ग्रॅम चरबी आणि २१ ग्रॅम प्रथिनं, ५८० च्या आसपास उष्मांक. बदामाची संत्र्याशी तुलना म्हणजे शेंगदाण्याची कलिंगडाशी तुलना. इथे दुसरा डबा बाजूला ठेवला आहे. गोकाकचा करदंट मात्र या दोन्ही डब्यांत बसत नाही. गूळ, डिंक, खोबरं, खारीक, काजू-बदाम असा तो एकवटलेला ऐवज आहे. तो मिठाई म्हणून खावा, फळ म्हणून मोजू नये.

सीमाभागातल्या दुकानांत पाटी किंवा पाकीट कन्नडमध्ये असतं, तेव्हा एवढे शब्द पुरतात: ओणद्राक्षी म्हणजे बेदाणे, उत्तत्ती म्हणजे खारीक, खर्जूर म्हणजे खजूर, अंजूर म्हणजे अंजीर, कित्तळे म्हणजे संत्रं, निंबेहण्णू म्हणजे लिंबू. उत्तत्ती आणि खर्जूर यांची गल्लत सर्रास होते. दोन्ही एकाच झाडाची फळं असली तरी खारीक कोरडी असते, त्यामुळे त्याच वजनात साखरही जास्त भरते.

सुकताना काय जातं, काय उरतं

हे समजायला द्राक्षाइतकं सोयीचं फळ नाही, आणि ते आपल्या अंगणातलंच आहे. अथणी तालुका, विजयपूरकडचं तिकोटा, पलीकडे तासगाव-सांगली असा हा बेदाण्याचा सलग पट्टा. शेडवर घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. प्रमाण साधारण लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिली, वेळ काही मिनिटांचा. त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मग सावलीतल्या रॅकवर दोनेक आठवडे सुकवण. चार किलोच्या आसपास द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

आता हा चारचा आकडा धरून पाहा. ताज्या द्राक्षात १०० ग्रॅममागे सुमारे १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, बेदाण्यात ७५०. बरोबर चौपट. म्हणजे सुकवल्याने पोटॅशियम वाढलं नाही, फक्त दाटीवाटीने बसलं. साखरेचंही तेच: साडेपंधरा ग्रॅमची साठच्या घरात. पण क जीवनसत्त्व द्राक्षात मुळात ३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. चौपट झालं तर बेदाण्यात १२-१३ हवं होतं, प्रत्यक्षात २ च्या जवळपास उरतं. उष्णता, हवा आणि दिवसांचा काळ यांनी बाकीचं संपवलं.

बहुतेक सुक्या फळांना हा नियम लागू पडतो. खनिजं आणि तंतू कुठे जात नाहीत, साखर दाटते, क जीवनसत्त्व जवळपास संपतं. खजूर, अंजीर, जर्दाळू, कशातही ते १०० ग्रॅममागे १-२ मिलिग्रॅमच्या पुढे फारसं नाही.

स्वयंपाकघरातला काटा

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा, एक वाटी, वही. एवढंच लागतं.

पहिलं काम, खाण्याजोगा भाग काढणं. मोसंबी सोलून, पांढरा जाड पापुद्रा आणि बिया काढून पुन्हा वजन करा. किलोमागे ६५० ते ७०० ग्रॅम हाती लागतं. जाड सालीची मोसंबी असेल तर त्याहून कमी, म्हणून हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारं फळ घ्यायचं. संत्र्यात ७०० च्या आसपास. कागदी लिंबात रस वजनाच्या ४० ते ५० टक्के, तोही पातळ सालीचं आणि पिवळं झालेलं असेल तरच. खजुराची बी दहा टक्के खाऊन जाते. बेदाण्यात फक्त देठ.

दुसरं काम, आपण खरोखर किती खातो ते मोजणं. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. संत्रं एक खाल्लं की थांबतो, बेदाणे मात्र बोलता बोलता डब्यातून संपतात. मध्यम संत्रं सोलून साधारण १०० ग्रॅम भरतं. बेदाण्याची मोठ्या माणसाची मूठ ३० ग्रॅम. या दोन्हींची गाठ घालून पाहा.

एक संत्रं: सुमारे ४७ उष्मांक (किलोकॅलरी), साखर ९ ग्रॅम, तंतू अडीच ग्रॅमच्या जवळ, क जीवनसत्त्व ४५ ते ५३ मिलिग्रॅम, पोटॅशियम १८०, कॅल्शियम ४०, लोह ०.१ मिलिग्रॅम.

एक मूठ बेदाणे: सुमारे ९० उष्मांक, साखर १८ ग्रॅम, तंतू सव्वा ग्रॅम, क जीवनसत्त्व १ मिलिग्रॅमहून कमी, पोटॅशियम २२५, कॅल्शियम १५, लोह ०.५ मिलिग्रॅमच्या थोडं वर.

मघाचा चौपट-अठरापटचा रुबाब इथे बराच उतरतो. तंतूत तर संत्रं दुपटीने पुढे गेलं. हे आकडे सरासरीचे आहेत. जात, हंगाम आणि फळ किती दिवस पडून आहे त्याप्रमाणे क जीवनसत्त्व वीस-तीस टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून दशांश चिन्हापुढच्या आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

समान उष्मांकांवर आणा

तिसरं काम सगळ्यांत मोलाचं. दोन्हींचं १०० उष्मांकांचं वजन काढा. सूत्र सोपं: १०० गुणिले १००, भागिले १०० ग्रॅममधले उष्मांक. संत्र्याला १०००० भागिले ४७, म्हणजे २१३ ग्रॅम, दोन फळं. बेदाण्याला १०००० भागिले २९९, म्हणजे ३३ ग्रॅम. सुक्या अंजिराला (१०० ग्रॅमला २४९ उष्मांक) ४० ग्रॅम, म्हणजे आकाराप्रमाणे तीन नग. मग १०० ग्रॅममागच्या प्रत्येक घटकाला त्या वजनाने गुणा आणि १०० ने भागा.

पोटॅशियम: संत्र्यातून ३८५ मिलिग्रॅम, बेदाण्यातून २५०, अंजिरातून २७०. तंतू: संत्रं ५ ग्रॅम, बेदाणे दीड ग्रॅमच्या आत, अंजीर ४ ग्रॅम. कॅल्शियम: संत्रं ८५, बेदाणे १७, अंजीर ६५. क जीवनसत्त्व: संत्रं ११०, बाकी दोघं मिळूनही २ होत नाही. लोह: संत्रं ०.२, बेदाणे ०.६, अंजीर ०.८.

तंतू आणि कॅल्शियम म्हटलं की हमखास अंजिराचं नाव घेतलं जातं, आणि त्याच दोन रकान्यांत साधं संत्रं त्याला मागे टाकतं. सुक्या फळाकडे खरी आघाडी एकाच ठिकाणी उरते, लोहात. तीही किती मोठी, ते पुढे येतंच.

पण पैशाने मोजलं की पारडं पुन्हा फिरतं. समजा संत्रं ८० रुपये किलो आहे आणि बेदाणे ३०० रुपये. दर भागिले खाण्याजोगा भाग केला की संत्र्याचा खरा भाव ११४ रुपये पडतो, बेदाण्याचा ३०६. एका रुपयात संत्र्यातून १६ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं, बेदाण्यातून २४. म्हणजे वजन उतरवायचं असेल तर संत्रं परवडतं आणि शेतात दिवसभर राबणाऱ्याला थोड्या पैशांत, थोड्या जागेत उष्मांक हवे असतील तर बेदाणे. 'कोण श्रेष्ठ' विचारण्याआधी 'कशाने मोजून' हे ठरवावं लागतं. पेठेतला भाव रोज बदलतो, तेव्हा वहीत आकडे नाही, सूत्र लिहून ठेवा.

लोहासाठी बेदाणे, ही समजूत

'रक्त कमी आहे, रात्री मनुका भिजवून सकाळी खा' हा सल्ला निपाणीपासून खानापूरपर्यंत सारखाच ऐकू येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. एक मूठ बेदाणे देतात अर्धा मिलिग्रॅम. २९ पैकी अर्धा. आणि मनुकांतल्या पॉलिफिनॉल या तुरट द्रव्यांमुळे त्यातलंही सगळं अंगी लागत नाही.

त्यापेक्षा ताटात आधीच काय आहे ते बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत पाच-सहा मुठी बेदाण्यांहून जास्त. हुलगे आणि मटकीत १०० ग्रॅम कोरड्या धान्याला ८ च्या आसपास. हुलग्याच्या माडग्याची वाटी या कामाला कुठल्याही पाकिटातल्या मनुकांपेक्षा सरस आहे, फक्त ती कुणी भेट म्हणून नेत नाही.

धान्य-कडधान्यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही ही अडचण खरी. इथे मोसंबी-संत्र्याचं काम सुरू होतं. जेवणासोबत ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व पोटात गेलं की त्या लोहाचं शोषण ठळकपणे वाढतं. अट एकच: त्याच जेवणात. दुपारी चारला खाल्लेलं संत्रं एक वाजताच्या भाकरीला उपयोगी पडत नाही. म्हणून फळ 'मधल्या वेळचं' न ठेवता ताटाच्या कडेला चार फोडी वाढा. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासाभराने घ्या. चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं.

लिंबाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व भरपूर, असं नाही. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो. कागदी लिंबाच्या रसात १०० मिलीला ३० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आणि एका लिंबाचा रस निघतो १५ मिली. म्हणजे इंडीचं भौगोलिक मानांकन मिळालेलं लिंबू घेतलं तरी एका फळातून ५ ते ७ मिलिग्रॅम. पोह्यांवर पिळलेल्या फोडीतून दोनेक. पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम, बाईची ६५. नुसत्या लिंबावर ती भागवायची तर डझनभर लागतील. सायट्रिक आम्लही लोह विरघळवायला थोडी मदत करतं, त्यामुळे उसळीवर लिंबू पिळणं सोडू नका. पण गरजेचा मोठा वाटा मोसंबी, संत्रं, पपनस यांतून यायला हवा. खरं तर पेरूतून: १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि त्यापुढे सगळी लिंबूवर्गीय मंडळी फिकी पडतात.

घरच्या घरी क जीवनसत्त्वाची चाचणी

तक्त्यावर विश्वास बसत नसेल, किंवा घरात शाळकरी मूल असेल, तर हे तासाभरात करून बघता येतं. औषधाच्या दुकानातून ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, ५०० मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची एक गोळी, ड्रॉपर, १० मिलीचं मापाचं झाकण आणि आतून पांढरे कप आणा.

अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर एक कप पाण्यात कालवून एक उकळी आणा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना वापरलं तर निळा रंग येतो आणि विरतो, मग शेवट कळत नाही. गोळी कुटून एक लिटर पाण्यात विरघळवा. या पाण्यात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व झालं, हे आपलं माप.

कपात हे माप १० मिली घ्या, एक चमचा कॉर्नफ्लॉवरचं पाणी घाला आणि आयोडीनचा एकेक थेंब सोडत कप हलवत राहा. सुरुवातीला प्रत्येक थेंब पडतो तिथे गडद डाग उमटतो आणि हलवताच नाहीसा होतो, कारण क जीवनसत्त्व आयोडीन खाऊन टाकतं. ते संपलं की पुढच्या थेंबाला सगळा कप काळपट निळा होतो आणि वीस सेकंद तसाच राहतो. तो थेंबांचा आकडा लिहा. ड्रॉपरप्रमाणे २५ ते ३५ च्या दरम्यान येतो. आता कप धुऊन मोसंबीचा गाळलेला रस १० मिली घ्या आणि तेच करा. रसाचे थेंब भागिले मापाचे थेंब, गुणिले ५०: हे झालं १०० मिली रसातलं क जीवनसत्त्व.

बेदाण्यांसाठी ३० ग्रॅम ठेचून १०० मिली थंड पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, गाळा, १० मिली घ्या. काळ्या मनुकांच्या पाण्यात पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच रंग पकडतो. म्हणजे आयोडीन खाऊन टाकायला क जीवनसत्त्व शिल्लकच नव्हतं.

पिवळ्याधमक बेदाण्यांवर मात्र हीच चाचणी फसवते. त्यांच्या पाण्यात सात, दहा, कधी त्याहून जास्त थेंब गडप होतात आणि वाटतं, अरेच्चा, यात तर क जीवनसत्त्व आहे! ते गंधकाचं काम. रंग सोनेरी राहावा म्हणून सुकवल्यावर बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात. त्यातून राहिलेला सल्फर डायऑक्साइडही आयोडीनला क जीवनसत्त्वासारखाच खातो. तेव्हा पिवळ्या बेदाण्यांचे थेंब जीवनसत्त्वात धरू नका. उलट याचा एक उपयोग आहे: दोन दुकानांतले पिवळे बेदाणे सारख्या वजनाने तपासले, तर जास्त थेंब पिणाऱ्या मालात गंधक जास्त असण्याची शक्यता मोठी. ठोकताळाच हा, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे.

याच मापाने रस दहा मिनिटं उकळून, किंवा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवून पुन्हा मोजा. थेंब घटलेले दिसतील. तांबं क जीवनसत्त्वाचा नाश झपाट्याने घडवतं, शिवाय आम्लात थोडं तांबंही उतरतं. लिंबाचं सरबत तांब्या-पितळेत ठेवू नये ते यासाठी. चाचणीतलं कुठलंही पाणी प्यायचं नाही, ओतून टाका आणि कप साबणाने धुवा.

घेताना

नागपूरकडची संत्री दिवाळीनंतर येतात आणि दुसरा बहार उन्हाळ्याच्या तोंडावर. मोसंबी पावसाळा संपता संपता स्वस्त होते. लिंबू बारमाही, पण मार्च ते मेमध्ये भाव डोक्यावर जातो, तेव्हा पेरू-मोसंबीवर भर ठेवणं शहाणपणाचं. बेदाण्याचा नवा माल गुढीपाडव्याच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. वर्षाचा घ्यायचा तर तेव्हा.

बेदाणा निवडताना नुसत्या रंगाला भुलू नका. सारखा पिवळा रंग म्हणजे धुरी बऱ्यापैकी, हिरवट म्हणजे सावलीत सुकवलेला, काळा म्हणजे बहुधा उन्हात वाळवलेला. पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा २२० हा क्रमांक असेल तर दम्याच्या रुग्णाने तो माल टाळावा, काहींना त्याने धाप लागते. गंधकाने थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही जातं. घटकांच्या यादीत 'साखर' लिहिलेली सुकी फळं, म्हणजे बहुतेक क्रॅनबेरी, किवीच्या रंगीत चकत्या, टूटीफ्रूटी, या हिशेबात धरूच नका. वाळवलेल्या संत्र्याच्या पाकवलेल्या साली तशाच.

अंजीर घेतलं की प्रत्येक नग फाडून बघायचा. आत काळी भुकटी, जाळी किंवा किडा दिसला तर तो नग टाका. नुसता तेवढा भाग कापून उरलेला खाऊ नये.

कुणी काय जपावं

मधुमेह असेल तर बेदाणे मोजून घ्या, मुठीने नको. वीस दाणे म्हणजे साधारण १० ग्रॅम, त्यात ६ ग्रॅम साखर. संत्रं फोडी करून खा, रस नको. ग्लासभर रसाला तीन मोसंब्या जातात, तंतू गाळणीत राहतात आणि साखर तेवढी पोटात. सरबताचं त्याहून वाईट: दोन मोठे चमचे साखर म्हणजे शंभर उष्मांक, आणि त्याबदल्यात क जीवनसत्त्व पाच-सात मिलिग्रॅम.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम अंगात साठतं. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना सुकामेवाही नको आणि मोसंबीही नको. काय चालतं ते घरच्यांना विचारून न्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, त्यामुळे गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे, खारकेचे लाडू दिले जातात आणि मोसंबी 'थंड पडेल' म्हणून लांब ठेवली जाते. लाडूंबद्दल तक्रार नाही. पण दूध पाजणाऱ्या बाईची क जीवनसत्त्वाची गरज ११५ मिलिग्रॅम असते, एरवीपेक्षा बरीच जास्त, आणि लाडवांत ते जवळपास शून्य. अळिवातल्या लोहाचा पुरता फायदा व्हायलाही ते हवंच. साध्या तापमानाची, फ्रिजमधली नव्हे, एक मोसंबी जेवणासोबत द्या. सासूबाईंचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही समाधान होतं.

चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे बेदाणे देऊ नका, घशात अडकतात. भिजवून कुस्करून द्या. बेदाणे दातांना चिकटतात म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायची. आंबट फळ खाल्ल्यावर मात्र अर्धा तास ब्रश नको, आम्लाने मऊ झालेलं दातावरचं आवरण घासलं जातं.

मनुका भिजवायच्या तर आधी वाहत्या पाण्यात झटपट धुवा आणि मग बुडतील एवढ्याच पाण्यात रात्रभर ठेवा. पोटॅशियम आणि साखर त्या पाण्यात उतरते, तेव्हा ते ओतून न देता प्या. भिजवल्याने नवीन काही तयार होत नाही. मऊ होतात, पचायला सोप्या जातात आणि फुगल्यामुळे कमी खाल्ल्या जातात, हाच मोठा फायदा.

पावसाळ्यातली साठवण

जूनपासून खानापूर-बेळगावकडे हवेत जी ओल असते तिच्यात सुकं फळ सुकं राहत नाही. डबा दोन-तीनदा उघडला की बेदाणे एकमेकांना चिकटतात, पंधरा दिवसांत पांढरी पूड दिसू लागते. ती साखर की बुरशी, हे ओळखायला दोन दाणे कोमट पाण्यात टाका. पूड विरघळून दाणा स्वच्छ झाला तर साखर, खायला हरकत नाही. तंतू किंवा कापसासारखं काही तरंगलं, किंवा वास कुबट आला, तर सगळा डबा टाका. बुरशीचं विष धुऊन जात नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याचा माल छोट्या डबीत वेगळा काढा. बरणी फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. गार दाण्यांवर दमट हवेतलं पाणी बसतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

लिंबाचं नेमकं उलट. उघड्या टोपलीत आठवड्यात साल कडक होते आणि रस आटतो. कोरडं पुसून झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन आठवडे रसदार राहतं. मधूनमधून डबा उघडून झाकणाला आतून सुटलेलं पाणी पुसायचं, आणि एखादं डागाळलेलं दिसलं तर त्याच दिवशी बाहेर काढायचं, नाहीतर हिरवी बुरशी शेजारच्यांना धरते.